समद्यास्नी वाचाय येईल असं : वाचनालयाच्या पुस्तकखरेदीच्या नोंदी

१४ मे २०२५

जत्रा उरकली. गलाईवाली मंडळी परतायच्या आधी समितीची बैठक घेतली. आमच्या आटपाडी-खानापूर भागातली कितीतरी घरं जुन्या सोन्या-चांदीतलं हीण काढून ते शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात देशभर पांगली आहेत. आमच्या गावची बरीचशी तमिळनाडूत. दरवर्षी देवळाचा रंग, शाळेचे पंखे असं काहीतरी त्यांच्याकडून होतं. यंदा साठ हजार रुपये दिले ते फक्त पुस्तकांसाठी. अट एकच, तीही तोंडी : "सुट्टीला आमची पोरं येत्यात, म्हातारी माणसं इथंच असत्यात. समद्यास्नी वाचाय येईल असं घ्या."

अध्यक्ष तात्यांचं मत सरळ होतं. शासनमान्य ग्रंथांची यादी पुढ्यात घ्यायची, पैसे संपेपर्यंत खुणा करायच्या. अनुदानाच्या पैशाला ते ठीकच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेल्या आमच्यासारख्या वाचनालयाला पैन् पैचा हिशेब द्यावा लागतो, दरवर्षी तपासणी असते, आणि यादीतलं पुस्तक घेतलं की कुणी काही विचारत नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन राय प्रतिष्ठानाच्या योजनेतून येणारी पुस्तकंही वरून ठरून येतात. त्यांत चांगली असतात, पण आमच्या गावाकडे बघून निवडलेली नसतात. हे साठ हजार मोकळे आहेत, म्हणून मी खरेदीला दोन महिने मागितले. तात्या म्हणाले, "म्हस घ्यायला बी येवढं लागत न्हाई, ताई."

मिळाले दोन महिने.

२१ मे

देवघेवीच्या रजिस्टरात पुस्तक कुणी नेलं ते कळतं. वाचलं का, ते कळत नाही. त्यासाठी पुस्तक मिटून हातात आडवं धरायचं आणि पानांची कड उजेडात बघायची. बोटांचा मळ खोटं बोलत नाही.

सकाळपासून कपाटं रिकामी करून हेच केलं. सातशे पानांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची कड पहिल्या बोटभर जाडीत तपकिरी, पुढे शेवटपर्यंत कोरी पांढरी. रजिस्टरात मात्र त्या सगळ्यात जास्त फिरलेल्या दिसतात. नाव ऐकून नेतात, शंभरेक पानांत दमतात, आठवड्याने परत आणून ठेवतात आणि "लई भारी हाय" म्हणतात. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' याउलट. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखा मळ, दोनदा बांधणी झालेली. एकेक व्यक्तिचित्र एका बैठकीत संपतं, हे त्यामागचं मोठं कारण असावं. माणसं ओळखीची, बोली ओळखीची, ते तर आहेच.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'त फराळाची पानं तेलाने आरपार दिसायला लागली आहेत, बाकी पुस्तक नवं. चरित्रांमधली फोटोंची पानं शिवणीतून सुटलेली. बालविभागात चित्रं फाटलेली, मजकूर शाबूत. शेवटी तात्पर्य छापलेल्या गोष्टींच्या पुस्तकांची कड तर दुकानातून आणली तशीच आहे. त्यांतली कित्येक आम्हाला भेट आलेली. मुलांना भेट द्यायला मोठ्या माणसांना तात्पर्याची पुस्तकंच का सुचतात कोण जाणे.

२८ मे

कोइमतूरहून आलेला सातवीतला एक पोरगा रोज दुपारी येऊन बसतो, कारण आमच्याकडे पंखा आहे. घरात मराठी बोलतो, अगदी गावच्या वळणाची. शाळेत तमिळ आणि इंग्रजी. देवनागरीशी त्याची गाठ फक्त लग्नपत्रिकांवर पडलेली.

त्याच्या पुढ्यात चौथीच्या पोरांचं एक पुस्तक ठेवलं. "घर", "आई", "पाणी" धडाधड वाचलं. "प्रश्न"वर अडकला, "उद्धव"वर थांबला. मग मला विचारलं, "ही अक्षरं एकमेकांच्या अंगावर का चढल्यात?" मला हसू आलं, पण त्याचं बरोबर होतं. तमिळ लिपीत जोडाक्षरं सहसा अशी गुंतत नाहीत, अक्षरावर टिंब देऊन सुटी सुटी लिहितात. शिवाय क, ख, ग, घ ला एकच अक्षर. त्याची मराठी पक्की आहे, आडवी येते ती फक्त लिपी. त्याला पहिलीचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो, सातवीचं दिलं तर पानभर धापा टाकतो.

पुस्तकांच्या पाठीवर छापलेलं "वय ८ ते १०" त्याच्या काहीच कामाचं नाही. त्याला बारा वर्षांच्या पोराची गोष्ट हवी, सहा वर्षांच्या पोराच्या अक्षरात.

संध्याकाळी आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सरांशी बोलले. ते पाच बोटांची चाचणी करतात : पोराने मधलं कुठलंही पान वाचायचं, अडला शब्द की एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक सध्या नको. एकही बोट दुमडलं नाही तर जरा पुढचं दे. सोपं आहे, आणि वय विचारावं लागत नाही.

३ जून

त्या पोराच्या निमित्ताने शोधाशोध केली. चेन्नईची तूलिका ही प्रकाशनसंस्था मुलांची चित्रपुस्तकं नऊ भाषांत काढते, त्यांत तमिळही आहे आणि मराठीही. म्हणजे तीच गोष्ट, तीच चित्रं, दोन लिप्यांत. दोन्ही प्रती शेजारी उघडून ठेवल्या की शिकवायला कुणी लागत नाही. बंगळुरूच्या प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून चालू आहे. तिथल्या गोष्टी फुकट उतरवून छापता येतात, लेखक-चित्रकाराचं नाव ठेवलं की झालं. त्यांच्या चार पायऱ्या वयावर कमी आणि मजकुरावर जास्त बेतलेल्या आहेत : पहिलीत अडीचशे शब्दांच्या आतलं, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून लांब. मला हवं होतं ते हेच माप.

तमिळ पुस्तकं मराठी वाचनालयात कशी घ्यायची, यावर समितीत वाद होणार हे गृहीत धरलंय. पैसे कुणी दिले ते आठवण करून देईन.

११ जून

टेबलावर एक वही ठेवली आहे. वर लिहिलंय, "हवं होतं, मिळालं नाही". लिहायला लाजतात म्हणून मीच लिहून घेते, नाव घालत नाही.

आतापर्यंत आलेलं : भुताचं, पण खोटं निघणारं नको (चौथीतली मुलगी). डाळिंबाच्या तेल्या रोगावर. पोलीस भरतीचं गणित. वाटणीपत्र, वारसनोंद, फेरफार कसा करायचा त्याचं (हे आतापर्यंत पाच जणांनी मागितलंय, पाचही जण वेगवेगळ्या भावकीतले). एकाहत्तरच्या लढाईचं, "लढलेल्यानं लिवल्यालं पायजे, बसून लिवल्यालं नगं" (निवृत्त सुभेदार). पहिल्या बाळंतपणाचं, पण पाठीवर बाळाचा फोटो नसलेलं. हे मागणारी सासूबरोबर येते. प्रतिसरकारचं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं (तात्या). प्रेमाचं, शेवट चांगला असलेलं.

सर म्हणाले, ही यादी वयावर लावून बघा. बघितली. पोलीस भरतीचं गणित मागणाऱ्यांत एक सव्वीस वर्षांची सून आहे आणि एक सोळाचा पोरगा. भुताचं म्हणाल तर चौथीतली मुलगी आणि दूध डेअरीवरचे मामा, दोघांनाही. वयाने काही जुळत नाही. जुळतं ते एवढ्यावर : अक्षर किती मोठं लागतं, एका दमात किती वाचवतं, आणि आत्ता डोक्यात काय चाललंय.

"यशस्वी व्हा", "श्रीमंत व्हा" छापाची अनुवादित पुस्तकं मागणारेही आहेत. आमच्याकडे ती पुरेशी आहेत. पुरेशीपेक्षा जास्तच आहेत.

२५ जून

गावातल्या एका आजींनी उल्लास कार्यक्रमात अक्षरं गिरवली, मार्चमध्ये परीक्षा दिली, पास झाल्या. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठीचा हा नवसाक्षरता कार्यक्रम. प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावलंय. आता पुढे काय वाचायचं, हा प्रश्न घेऊन त्या आल्या.

बालविभागाच्या कपाटाकडे नेलं तर उभ्याच राहिल्या. "हे पोरांचं हाय. नातू हसंल." कपाटावरची "बाल" ही पाटी त्या वाचू शकल्या, म्हणूनच अडल्या.

मग खिडकीशी बसून आम्ही दोघींनी एकेक पुस्तक उघडून बघितलं. नेहमीची कादंबरी : "मुंग्या हायत्या." दिवाळी अंक : चकचकीत कागद, खिडकीचा उजेड पानावर सांडला, त्यांनी अंक तिरका केला, मग मिटला. एका जुन्या पुस्तकाचा कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटत होती. शेवटी त्यांनीच सांगितलं : "पोथीवानी आसतंय तसलं दे." चातुर्मासात त्यांच्या आळीत श्रीधराचा पांडवप्रताप नाहीतर हरिविजय लागतो, त्यांनी जन्मभर ऐकलाय. पोथीचं अक्षर ठसठशीत, कागद मंद, ओळींत हवा.

पट्टी घेऊन मोजलं. साध्या कादंबरीत दहा ओळी सहा-सव्वासहा सेंटीमीटरात बसतात. आजींना सहज वाचता आलं त्यात दहा ओळींना नऊ सेंटीमीटर लागले होते. खरेदीला जाताना पट्टी बरोबर न्यायची, हे इथेच ठरलं. चष्म्याचा नंबर जुना आहे, ते वेगळं. पुढच्या नेत्रतपासणी शिबिरात नाव घालायला सांगितलंय.

२ जुलै

आमच्या तालुक्याची श्रीमंती काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली आहे. आटपाडी तालुक्याने साहित्य संमेलनाला अध्यक्ष दिले : १९७३ ला यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ ला अंबाजोगाईला त्यांचेच धाकटे भाऊ व्यंकटेश, आणि लगेच १९८४ ला जळगावला शंकरराव खरात. त्यांची पुस्तकं "माणदेशी कपाटा"त पाहुण्यांना दाखवायला. घरी द्यायची नाहीत, असा जुना ठराव.

ठराव बदलून घेतला. प्रदर्शनाची प्रत आत राहील, फिरायची दुसरी प्रत घेणार. तेवढ्यासाठी पाच हजार वेगळे काढले. खरातांचं आत्मकथन गावातल्या अर्ध्या लोकांनी नावानेही ऐकलेलं नाही, ही गोष्ट मला खटकते.

१० जुलै

शेतीच्या पुस्तकांचा निर्णय लवकर झाला. औषधांच्या शिफारशी बदलतात, काही औषधं बंद होतात. पाच वर्षांपूर्वीचं फवारणीचं वेळापत्रक वाचून कुणी बागेत शिरलं तर नुकसानच. म्हणून ठरवलं की पुस्तक घ्यायचं ते छाटणी, बहार धरणं, जमीन-पाणी यांवरचं, जे दहा वर्षं टिकेल. फवारणीसाठी राहुरी विद्यापीठाची दरवर्षीची कृषिदर्शनी आणि सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचे सल्ले छापून फलकावर. जुनी फवारणीची पुस्तकं निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या, ठरावात घातली. एका बागायतदार काकांनी ती रद्दीच्या भावात मागितली. दिली नाहीत.

२३ जुलै

पुण्याला जाऊन आले. अप्पा बळवंत चौकात सकाळी शिरायचं आणि दुपारच्या गर्दीआधी बाहेर पडायचं, हा नियम कुणीतरी आधी सांगायला हवा होता.

दुकानदाराने पट्टी बघून विचारलं, "शिवणकामाचं पुस्तक हवंय का?" सांगितल्यावर मात्र त्याने स्वतःच चार-पाच पुस्तकं काढून दिली. मोठ्या अक्षरात मोठ्यांची पुस्तकं मराठीत फार कमी निघतात, हे या फेरीत नीट कळलं. धार्मिक आणि मुलांची सोडली तर हाताच्या बोटांवर. लोककथांचे दोन संग्रह, संतांची छोटी चरित्रं, बहिणाबाई. गाणी छापताना ओळी आपोआप सुट्या येतात, त्यामुळे अक्षर लहान असलं तरी पान भरगच्च वाटत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची काही पुस्तकं स्वस्तही आणि नवसाक्षरांचा विचार करून केलेलीही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं किमतीला परवडतात, पण ती अभ्यासूंची. त्यांची बरीच पुस्तकं संगणकावर फुकट मिळतात, मग पैसे कशाला घालू?

वाटणी साधारण अशी झाली. पंधरा हजार मागणीवहीतल्या पुस्तकांना. त्यांतली ज्यांना तीनपेक्षा जास्त जणांनी विचारलं, त्यांच्या दोन प्रती. चित्रपुस्तकं आणि तमिळ-मराठी जोड्यांना बारा हजार. मोठ्या अक्षराला सहा. भरतीला आठ, आणि आठावर हट्टाने थांबले. माणदेशी पाच. उरलेले कुणीही मागितलेले नाहीत अशा पुस्तकांना. त्यात विज्ञानाची पुस्तकं, प्रवासवर्णनं, दोन भयकथा आणि एक कवितासंग्रह. तात्या विचारणार, न मागितलेलं का घेतलं. मागणीवहीत फक्त माहीत असलेलंच येतं, एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.

किमतीतल्या सवलतीवर घासाघीस झाली. एका पुरवठादाराच्या दरपत्रकात कराची ओळ होती. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो, त्यामुळे ते दरपत्रक बाजूला ठेवलं. पोस्टाची छापील पुस्तकांची सवलतीची रजिस्टर सेवा २०२४ च्या डिसेंबरात बंद झाल्यापासून पार्सलचा खर्चही खरेदीत धरावा लागतो. खोकी एसटीने आणली.

१२ ऑगस्ट

आज ग्रंथपाल दिन, डॉ. रंगनाथन यांची जयंती. फोटोला हार, दोन भाषणं, चहा. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतली दोन भाषणात येतातच : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. भाषण संपल्यावर मी "बाल" ही पाटी काढली.

नवी मांडणी अशी. दाखल नोंदवहीत आणि पुस्तकाच्या पाठीवर वर्गांक आहे तसाच, मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३. तपासणीला काही अडचण नको. त्याखाली रंगीत पट्टी. पिवळी म्हणजे एका बैठकीत संपणारं. हिरवी म्हणजे आठवडाभराचं. निळी, महिना लागेल. मोठं अक्षर असेल तर पट्टीवर काळा गोल. एवढंच. पिवळ्या कपाटात आता चित्रपुस्तकं, व्यक्तिचित्रं, लोककथा, एकांकिका, बहिणाबाई सगळं शेजारी शेजारी आहे.

समितीतल्या एका सदस्यांचा आक्षेप : लहान पोरांच्या हाती मोठ्यांचं काहीतरी लागेल. रास्त आहे. त्यासाठी वरचा कप्पा आणि माझी नजर. त्यांचा दुसरा आक्षेप, वाचनालय आहे की बांगड्यांचं दुकान. याला उत्तर दिलं नाही.

२ सप्टेंबर

ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळे साथ देत नाहीत, तेही वाचक आहेत, हे खरेदीत धरायला हवं. गुरुवारी दुपारी विठ्ठल मंदिराच्या ओवरीत बारा-पंधरा बायका जमतात. अंगणवाडीताई वाचतात, बाकीच्या ऐकतात, हात शेंगा फोडण्यात.

मोठ्याने वाचायचं पुस्तक निवडताना वेगळंच बघावं लागतं. प्रकरण वीस-पंचवीस मिनिटांत संपायला हवं. वाक्य एका श्वासात मावायला हवं. कोण कुणाशी बोलतंय ते "तो म्हणाला" न म्हणता कळायला हवं. साने गुरुजींची 'श्यामची आई' रात्रींत विभागलेली आहे, बेचाळीस रात्री, म्हणून ती अशा वाचनाला बरोबर बसते. पण ती सगळ्यांनी ऐकलेली. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' लावली. वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे पहिल्या पानापासून टिप्पण्या चालू. इतक्या, की अंगणवाडीताईंचं वाचन मागे पडतं. एका मावशींनी तर गोष्ट थांबवून स्वतःच्या आजोबांचं दुष्काळातलं सांगितलं, आणि त्या दिवशी पुस्तक तिथेच राहिलं. मला चालतं.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' या मंडळींना आवडेल असं वाटतंय, पांडवप्रताप ऐकलेल्या आहेत. पण वाक्यं लांब. आधी एक प्रकरण घरी मोठ्याने वाचून बघते.

३० सप्टेंबर

अतिवृष्टीमुळे २८ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. परिणाम : भरतीची सगळी पुस्तकं आणखी दीड महिना परत येणार नाहीत.

आठ हजारांवर का थांबले, त्याचं कारण इथे लिहून ठेवते. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक दूध असतं, नासतं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि पर्यायी प्रश्नांच्या मुख्य परीक्षेच्या जाड संचांनी आमचा एक अख्खा कप्पा अडवून ठेवलाय. चालू घडामोडींचं तर वर्षाच्या आत शिळं होतं. पाया पक्का करायला बालभारतीची सहावी ते दहावीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं पुरतात. ती संगणकावर फुकट आहेत, आम्ही छापील संच ठेवलाय. पोलीस भरतीचं मात्र घेतलं, कारण अंकगणित, बुद्धिमत्ता आणि व्याकरण दरवर्षी बदलत नाही.

एक अडचण आहे. मुलं उदाहरणं पुस्तकातच सोडवतात. पर्यायाभोवती पेन्सिलीचा गोल, बाजूला बारीक गुणाकार. पुढच्याला उत्तर आयतं मिळतं, तेही कित्येकदा चुकीचं. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी खोडरबर घेऊन बसते. सव्वीस वर्षांच्या त्या सुनेच्या पुस्तकात एकही गोल नसतो. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सोडवते.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलामांची जयंती, २०१५ पासून हा दिवस पाळतात. शाळेतली शंभरेक मुलं रांगेने आली, प्रत्येकाने पुस्तक हातात धरून फोटो काढला. त्यातल्या एकाने पुस्तक उलटं धरलं होतं, पण फोटोत हसू चांगलं आलंय. सात-आठ जण नंतर परत आले, ते कामाचे.

२७ ऑक्टोबर

दिवाळीला गलाईवाल्यांची काही घरं आली. मे महिन्यातला तो पोरगा आला नाही, त्याची शिकवणी आहे म्हणे. त्याची धाकटी बहीण आली. तिने जोडीतली तमिळ प्रत उचलली, मराठी तिथेच ठेवली. मी काही बोलले नाही. संध्याकाळी आजीला घेऊन आली, ओट्यावर बसून तमिळ वाचत होती आणि आजीला आपल्या मराठीत सांगत होती. चित्रात बैल होता, आजी म्हणाली खिलार न्हाई ह्यो. यातून देवनागरी कधी येणार, माहीत नाही. पण पुस्तक फिरलं.

दिवाळी अंकांची योजना सुरू केली : ठरलेली वर्गणी भरा, मार्चअखेरपर्यंत सगळे अंक वाचा. अंक निवडताना दोन साहित्यिक, एक आरोग्याचा, एक शेतीचा, एक विनोदी, दोन मुलांचे. भविष्य घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण चार सभासद नुसत्या भविष्याच्या अंकासाठी वर्गणी भरतात, म्हणून तोही घेतला. 'किशोर'चे जुने अंक, अगदी १९७१ पासूनचे, संगणकावर फुकट बघता येतात. सर त्यांतल्या कथा वर्गात दाखवतात.

१९ नोव्हेंबर

कडा बघितल्या. अजून लवकर आहे, पण थोडं दिसतं. पिवळ्या पट्टीची पुस्तकं सगळ्यात जास्त फिरली, हे अपेक्षितच. काळ्या गोलाची पुस्तकं आजींपेक्षा चाळिशीच्या बायकांनी जास्त नेली, ज्यांना चष्मा लागलाय आणि अजून केलेला नाही. सुभेदारांनी लढाईचं एक परत केलं, "ह्यो मागं हुता, फुडं न्हवता," आणि वहीत दुसरं लिहायला लावलं. वारसनोंदीचं पुस्तक गावात कुणाकडे आहे ते रजिस्टरात आहे, पण ते परत मागायला त्या घरी जायची माझी हिंमत नाही. दुसरी प्रत घेणार.

न मागितलेल्यांपैकी प्रवासवर्णनं तशीच पडून आहेत. एक भयकथा मात्र दूध डेअरी आणि चौथीतली मुलगी यांच्यात फिरतेय, दोघंही एकमेकांना शेवट सांगत नाहीत.

उरलेले दोन हजार सातशे. त्यात : भूत आणखी एक. बाळंतपणाच्या पुस्तकाला खाकी कव्हर, कारण पाठीवर बाळाचा फोटो नाही असं पुस्तक मिळालंच नाही. वारसनोंद, दुसरी प्रत. तमिळ-मराठी दोन जोड्या, या वेळी जरा मोठ्या पोरांच्या, क्रिकेटच्या मिळाल्या तर उत्तम. दरपत्रक शुक्रवारपर्यंत मागवलंय. तात्यांनी प्रतिसरकारचं पुस्तक ऑगस्टपासून ठेवून घेतलंय, त्यांना उशिराच्या दंडाची पावती उद्या फाडते.